डस्टर ज्याच्या हाती

कॉलेजात दर शनिवारी दुपारी खुला वर्ग भरत असे. विषय कुठलाही: पाणी, मतदान, घरभाडं. सगळे गोलात बसत आणि फळा पुसायचं डस्टर ज्याच्या हातात, तोच बोले. ते हिसकावायचं नाही, मधे तोंड घालायचं नाही. मामांची भाची तिथेच शिकत होती; हा नियम तिनेच केला होता. आधी एक आडदांड वर्गमित्र कुणाला बोलूच देत नसे. वेळेची मर्यादा घालायची मात्र ती विसरली होती.

शिक्षणासाठी ती मामांकडे राहत होती. मामांचं प्रेम अपार, बोलणं त्याहून अपार. तिने पुस्तक उघडलं की ते पुस्तकावर बोलत. मिटलं की का मिटलं यावर. त्यामुळे संध्याकाळचा अभ्यास ती कॉलेजच्या वाचनालयात करी. आणि सोमवारपासून ते पाचलाच बंद होणार होतं.

"वर्गात ठराव करा," प्राचार्य म्हणाले होते. "पण एकमताने. बाहेरचे नागरिकही हवेत. आणि पाचला हॉल रिकामा."

म्हणून त्या शनिवारी विषय होता ‘सार्वजनिक जागा कोणाच्या?’ नागरिक म्हणून आले मामा आणि मामी. दुसरं कुणी मिळालंच नाही.

"मी दोनच शब्द बोलतो," म्हणत मामांनी डस्टर घेतलं. सुरुवात आदिमानवाच्या गुहेपासून झाली. साडेचारला चाकाचा शोध लागला. दारात उभे प्राचार्य घड्याळ बघू लागले.

"तुझे मामा श्वास कधी घेतात गं?" आडदांडाने हळूच विचारलं.

"झोपेत. घोरत."

"हिसकावू डस्टर?"

"हिसकावलंस, तर पुढच्या शनिवारपासून पुन्हा तुझंच राज्य." भाचीने घड्याळ पाहिलं. पाचला दहा मिनिटं उरली होती.

इतका वेळ चहाच्या टेबलापाशी बसलेली मामी उठली. एका हातात कप, दुसऱ्यात बिस्किटांची बशी घेऊन ती मामांसमोर उभी राहिली. "घसा कोरडा पडला असेल."

मामांनी एका हाताने कप घेतला, दुसऱ्याने बशी. डस्टर काखेत दाबायला गेले, ते सटकून खाली पडलं. मामीने उचललं.

"अगं, मी अजून चाकावरच..."

"शू!" सगळा गोल एका सुरात म्हणाला.

मामीने डस्टर नीट धरलं. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच वाक्य पुरं करायला मिळतंय, तेव्हा थोडक्यात सांगते. वाचनालय रात्रीपर्यंत उघडं राहावं. पटतंय त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. बशी मांडीवर ठेवून मामांनीही हात वर केला. त्यांना बोलायची परवानगी हवी होती.

"एकमताने मंजूर," प्राचार्य म्हणाले. "हॉल रिकामा करा."

"अहो, मला मुद्दा मांडायचा होता!"

"मांडा ना," मामी म्हणाली आणि डस्टर त्यांच्या हातात दिलं.

सोमवारी संध्याकाळी वाचनालयात बसल्याबसल्या भाचीने मान वर केली. समोरच्या खुर्चीत मामी होती, मासिक उलटं धरून.

"तू वाच," ती पुटपुटली. "मी नुसती बसलेय."