रक्त वाढल्यावर

नवरा एका दमात जिना चढून गेला आणि वरून ओरडला,

"अगं, किल्ली तुझ्याकडे आहे! किती वेळ?"

ती खालच्याच पायरीवर थबकली. हा आवाज तिने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

छापखान्यात फोरमन असताना याच आवाजाने कामगार दचकायचे. घरीही तीच तऱ्हा. मग किडन्या गेल्या. दिवसाआड दवाखान्यातल्या मशीनवर डायलिसिस सुरू झालं. मुळात किडन्या बसल्यामुळे नवं रक्त धड तयार होत नव्हतं. त्यात मशीनच्या नळ्यांत दर खेपेला थोडं राहून जायचं. तो पांढराफटक पडला. ओरडायचं त्राणच उरलं नाही.

दुपारी तो स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायचा आणि ती बोलायची. एकदा त्याने विचारलं होतं, "तुला पोहता येतं?"

"येतं की. मावशीनं सरळ नदीत ढकललं होतं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

तो ओशाळून हसला होता. लग्नाला तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती.

पुढे डॉक्टरांनी पद्धत बदलली. पोटात नळी बसवली; औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, सगळं घरीच. ते काम तिने शिकून घेतलं. आज रिपोर्ट पाहून डॉक्टर खूश झाले. "हिमोग्लोबिन सातावरून साडेदहावर! आता रक्त वाया जात नाही ना. सगळ्यांनाच इतका गुण येतो असं नाही." तिचे डोळे भरून आले होते. तो आनंद काही खोटा नव्हता.

ती वर आली, दार उघडलं. पाणी बदलायची वेळ झाली होती. वाऱ्याने धूळ-जंतू यायला नकोत म्हणून तिने खिडकी लावली, पंखा बंद केला.

"उकडतंय इथे! आणि तुझं हे गोगलगायीसारखं काम. आटप की लवकर!"

खुंटीकडे नेलेली औषधी पाण्याची पिशवी तिने पुन्हा टेबलावर ठेवली. नवा मास्क काढून त्याच्यापुढे धरला.

"आज पिशवी तुम्ही लावा."

"मी? मला कुठं येतंय?"

"शिकाल. आता अंगात रक्त आहे."

त्याने तोंड उघडलं. तिने नजर हलवली नाही. तिचा लांबवलेला हात तसाच होता. अखेर त्याने मास्क घेतला, उलटा बांधला, तिने बोटाने खूण केल्यावर सुलटा केला.

"आता हात धुवा. साबण लावून, घासून. आणि मी सांगते ते नीट ऐका. एक चूक झाली तर पोटात पू होईल."

"ऐकतोय," तो बेसिनकडे जात म्हणाला.

नळाची धार जोरात सुरू झाली. ती खुर्ची ओढून बसली आणि त्या आवाजावर आवाज चढवून पुढचं सांगू लागली.