दाराची मुदत

उत्तरा फडतरेने पॅकेजमध्ये थांबायची मुदत पाच सेकंद ठेवली आणि मिरजेतल्या तिच्या गल्लीतली सगळी दारं पाच सेकंदांनी बंद व्हायला लागली. पाहुणा उंबऱ्यावर येऊन बोलला तर ठीक. गप्प राहिला की दार नाकावर.

उत्तरा वेब सर्व्हरची तयार पॅकेजं बांधायची. लोक ती उतरवून घेत, सुरू करत आणि पुन्हा म्हणून आत डोकावत नसत. त्यामुळे काय चालू, काय बंद, हे तिनंच आधी ठरवायचं. मी घालीन तेवढंच मीठ सगळे खाणार, असं ती जरा तोऱ्यातच सांगायची. सकाळी तिनं चुकून 'आतलं सगळं दाखवा' चालू ठेवलं, तेव्हा गल्लीतल्या भिंती काचेच्या झाल्या आणि दूधवाला शेजारच्या देव आजोबांची कवळी बघत उभा राहिला. तिनं ते लगेच बंद केलं. झाकली मूठ बरी.

पण पाच सेकंदांचं प्रकरण अंगाशी आलं. समोरच्या मालूताईंना चहा विचारला, त्या रीतीप्रमाणे "नको, निघालेच" म्हणाल्या आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत थांबल्या. दार लागलं. दाराला पहिला 'नको' खराच वाटला. दुपारपर्यंत गल्लीभर पाहुणे बाहेर फुरंगटून उभे होते आणि आत चहा निवत होता. उत्तराला हसू आवरेना.

मग रघुवीर आला आणि तिचं हसू पळालं. रघुवीर तंबोऱ्यांच्या कारखान्यात तारा लावायचा आणि एक वाक्य बोलायला एक तंबोरा लावण्याइतका वेळ घ्यायचा. संध्याकाळच्या गाडीनं तो कायमचा धारवाडला निघाला होता. जायच्या आधी काहीतरी बोलायचंय, असा त्याचा निरोप होता. ते काय असणार हे उत्तराला ठाऊक होतं आणि ते तिला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. फार ऐकायचं होतं.

रघुवीरनं तोंड उघडलं. दार लागलं.

तिनं मुदत तीस सेकंद केली. "उत्तरा, मला..." दार लागलं.

फोन वाजला. ऑफिसातून कुरुंदवाडे बोलत होते.

"मॅडम, पाचला पॅकेज सुटतंय. मुदत वाढवू नका. एकच माणूस दार अडवून बसेल."

"बसू दे की."

"तुमच्या एका दाराचं नाही हो हे. सगळीकडे बसतील."

"चहा आहे," उत्तरा म्हणाली आणि तिनं मुदतीच्या जागी शून्य घातलं. शून्य म्हणजे मुदतच नाही. पाच वाजले. पॅकेज सुटलं.

सगळी दारं सताड उघडली. मालूताई परत आल्या, चारदा नको म्हणाल्या आणि तिसरा कप हातात घेऊन खुशीत बसल्या. पोस्टातली, बँकेतली, फ्रिजांचीसुद्धा दारं उघडी राहिली. ज्याला जे बोलायचं राहिलं होतं, तो कुणाच्या तरी उंबऱ्यावर जाऊन बसला. उठायचं नाव कुणी घेईना.

रघुवीर चपला काढून उंबऱ्यावर टेकला. उत्तराची आई चहा घेऊन आली.

"नको काकू."

"घे रे, अर्धाच आहे."

"बरं." त्यानं कप घेतला, उत्तराकडे बघितलं आणि म्हणाला, "मला असं वाटतं..." मग तो विचार करू लागला.

त्याच्या मागे माणसांची रांग लागली. ती गल्ली ओलांडून थेट स्टेशनापर्यंत गेली. तिथं धारवाडची गाडी दारं उघडी टाकून उभी होती आणि काही केल्या ती दारं लागत नव्हती. शेवटी तिचा गार्ड काखेत हिरवा झेंडा मारून, रांगेतल्या लोकांना "जरा सरका" म्हणत फडतऱ्यांच्या दारात आला. आईनं त्याच्याही हातात कप दिला.

"झालं का यांचं?" त्यानं हळूच विचारलं.

"बोलतोय," उत्तरा म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

गार्डनं झेंडा उंबऱ्याला टेकवून ठेवला आणि चहावर फुंकर घातली. रघुवीरनं तोंड उघडलं.