शून्य मजल्याचं घर

मित्रांनो, या जगात असं एकही घर नाही जे मला ठाऊक नाही. श्रीमंताचा महाल असो की गरिबाची खोपटी, सगळ्यांच्या भिंती माझ्या पोटात आहेत. जग म्हणजे अर्थात हे शहर. शहर म्हणजे त्याचा पूर्वेकडचा भाग. आणि पोटात म्हणजे तशा माझ्या पोटातही नाहीत. त्या लांबच्या कुठल्याशा थंडगार खोलीतल्या मोठ्या यंत्राच्या पोटात आहेत. मधली तार जागेवर असली तर ते यंत्र मला चार ओळी पाठवतं. झाडूवाल्या मावशींचा झाडू त्या तारेत अडकला की मग मला शेजारच्या टेबलाचाही पत्ता सांगता येत नाही.

मी एक जुना संगणक आहे. मिळकत नोंदणी कार्यालयाच्या एका कोपऱ्यात, पाण्याचा पिंप आणि मोडक्या खुर्च्यांचा ढीग यांच्यामध्ये माझं टेबल आहे. माझ्या डोक्यावर 'नागरिकांसाठी शोध सुविधा' अशी पाटी आहे. तिच्यातला 'शोध' कधीच पुसला गेला. त्यामुळे बरेच लोक घाईघाईने माझ्याकडे येतात, मला पाहून निराश होतात आणि शिपायाला विचारून बोळाच्या टोकाच्या स्वच्छतागृहाकडे निघून जातात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबलचक पट्ट्यावरून आम्ही भावंडं सारख्याच चेहऱ्यानं पुढे सरकत होतो. कुणी इस्पितळात गेलं, कुणी शाळेत. माझ्या पाठचं भावंड विमानतळावर लागलं म्हणे. त्याच्या पडद्यावर दूरदूरच्या गावांची नावं उमटतात. मला खोक्यात घालण्याआधी तिथल्या एका बाईंनी माझा पडदा मऊ फडक्यानं पुसला होता. ते शेवटचं पुसणं. त्यानंतर जे काही पुसलं गेलं ते लोकांनी आपापल्या बाहीनं, आणि तेही स्वतःचं नाव दिसेना तेव्हा.

माझं उद्घाटन मात्र थाटात झालं. मोठे साहेब आले. आता माणसाला आपल्या घराची नोंद पाहायला हेलपाटे घालावे लागणार नाहीत, एका टिचकीसरशी अख्खं घर समोर उभं राहील, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी हौसेनं स्वतःचंच नाव टाकलं. मिळकतींची यादी खाली सरकू लागली. सरकली, आणखी सरकली, सरकतच राहिली. लोक माना पुढे काढून वाचू लागले आणि तेवढ्यात वीज गेली. गेली की घालवली हे मी सांगू शकत नाही. मी त्या वेळी बंद होतो.

मित्रांनो, त्यानंतरची काही वर्षं माझी खरी उमेदीची. लोक रांगा लावायचे. आपण जन्मभर राहतो ते घर पडद्यावर दिसलं की त्यांना कोण आनंद व्हायचा, जणू ते आहे की नाही याची त्यांना शंकाच होती. भाऊ भावाच्या वाट्याची जागा शोधायचा. सोयरीक जमवायला निघालेल्या मावश्या मुलाच्या घराची लांबी-रुंदी पाहून जायच्या. मुलगा नंतर पाहिला तरी चालायचा. शेजारी शेजाऱ्याची भिंत मोजायचे. माझ्यापुढे बसून आपलंच घर शोधून, खूश होऊन घरी गेलेली माणसं मी हाताच्या बोटांवर मोजू शकेन. बोटं मला नाहीत, हा भाग वेगळा.

मग सगळं लोकांच्या खिशातल्या फोनवर आलं आणि माझ्याकडे फोन नसलेले, डोळे अधू झालेले, किंवा फोनवर विश्वास नसलेले तेवढेच येऊ लागले. माझा पंखा घरघरायला लागला. लोक माझ्यावर छत्र्या ठेवू लागले, डबे ठेवू लागले. माझ्या खोलीचा कारभार एका कारकुनाकडे होता. काहीही विचारलं की तो 'बघू' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला बघूसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. तो खरोखरच बघायचा. फक्त बघण्याच्या पुढे त्याला काही करता येत नसे.

अशाच पडत्या काळात माझ्यापुढे एक घड्याळजी येऊन बसले. वय झालेलं, एका डोळ्यापाशी भिंग लावून लावून पडलेला वळ. त्यांची थोरली बहीण त्यांच्याजवळ राहायची. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. पुढे तिची दृष्टी गेली. पण घरात तिला पाहून कुणी म्हणालं नसतं की हिला दिसत नाही. चहा करायची, कपडे वाळत घालायची, सांडलेलं पुसायची. त्या घराचा प्रत्येक कोपरा तिच्या तळव्यांना पाठ होता. घराबाहेर मात्र ती भावाचा दंड धरल्याशिवाय उभीसुद्धा राहत नसे. आपण आधी गेलो तर तिला तिथून कुणी हलवू नये, म्हणून घड्याळजींना घराच्या नोंदीत ताईचं नावही चढवायचं होतं. एवढं साधं काम.

त्यांनी गल्ली निवडली, क्रमांक टाकला. मी लांबच्या यंत्राला विचारलं आणि आलेलं उत्तर दाखवलं. मिळकतीचा प्रकार, मोकळी जागा. त्याच्याखाली, प्रस्तावित वापर, वाहनतळ.

घड्याळजींनी पुन्हा क्रमांक टाकला. मग खिशातलं भिंग काढून माझ्या पडद्याला लावलं. भिंगातून ती मोकळी जागा आणखीच मोठी दिसली.

ते बघूसाहेबांच्या खिडकीशी गेले. म्हणाले, "साहेब, मी त्याच घरातून आलोय. माझी ताई आत्ता तिथे चहा करतेय."

बघूसाहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "करत असतील. पण नोंदीप्रमाणे त्या उघड्यावर करतायत."

झालं होतं ते असं. या शहरात मजले मोजायची जुनी रीत आहे. जिना चढून जावं लागतं तो मजला. खालचा तो नुसता तळमजला, त्याला मोजत नाहीत. नोंदी संगणकावर चढवताना कारकुनांनी इमानेइतबारे तसंच लिहिलं. बैठं घर, मजले शून्य. ज्यांनी लांब बसून ती संगणक प्रणाली तयार केली, त्यांच्याकडे रीत वेगळी. त्यांच्या हिशेबानं शून्य मजले म्हणजे बांधकामच नाही. त्यांनी यंत्राला सांगून ठेवलं, शून्य दिसलं की मोकळी जागा म्हण. झालं, एका दुपारी या भागातली सगळी बैठी घरं आतल्या माणसांसकट नाहीशी झाली. यात दोन्ही बाजूंचं बरोबर होतं. म्हणून तर कुणालाच काही झालं नाही.

गल्लीतल्या इतरांनी पूर्वीच घरावर घर चढवलं होतं. बैठं उरलेलं हे एकच. वाहनतळाला हरकत घेण्याची नोटीस गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर चिकटवली गेली. यांच्या भिंतीवर तेवढी चिकटवली नाही, कारण नोंदीत यांना भिंतच नव्हती.

घड्याळजी मग माझ्याकडे वरचेवर येऊ लागले. दुरुस्तीचा अर्ज माझ्यावरच भरायचा होता. मी विचारायचो, बांधकामाचा तपशील? ते लिहायचे, बैठं घर. मी उत्तर आणायचो, मोकळ्या जागेस बांधकामाचा तपशील देता येत नाही. मग कुणीतरी येऊन घर डोळ्यांनी पाहावं, अशी त्यांनी विनंती केली. पाहणी फक्त बांधकाम असलेल्या मिळकतीची होते, असं कळलं. मोकळ्या जागेत पाहायचं काय? रांगेतला एक दलाल त्यांना म्हणाला, "काका, घरच नाही तर रोज कुलूप कशाला घालता? उगाच किल्लीचं ओझं." दोघंचौघं हसले. घड्याळजीही हसले, कारण त्यांच्यामागचा नंबर दलालाचा होता आणि भांडणात त्यांना आपला गमवायचा नव्हता.

शेवटी बघूसाहेबांना राहवलं नाही. एरवी खिडकीतून न हलणारा माणूस, पण उठून माझ्या टेबलापाशी आला आणि आवाज खाली आणून बोलला, "एक सांगू का? वर एक खोली काढा. पत्र्याची चालेल. जिना मात्र पाहिजे. एक मजला झाला की यंत्राला नाक मुठीत धरून घर मानावं लागेल."

त्यानं हे मनापासून सांगितलं होतं. तिथे बसल्यापासून त्यानं कुणाला दिलेला हा पहिलाच सल्ला.

घड्याळजींनी पत्र्याची खोली उभी केली. जिना केला. खोलीत ठेवायला काही नव्हतं, म्हणून दुकानातली बंद पडलेली भिंतीवरची घड्याळं नेऊन टांगली. ताईनं विचारलं म्हणे, की धाकट्या, आपण दोघंच, वर कोण राहणार? ते म्हणाले, नोंद राहणार. हे त्यांनी माझ्यासमोर बघूसाहेबांना हसत हसत सांगितलं. त्यांना हसताना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

खोली दिसली आणि पाहणीची माणसं लगेच आली. इतकी वर्षं जे घर कुणाला दिसत नव्हतं, ते जिन्यामुळे दिसलं. पुढच्या वेळी घड्याळजींनी क्रमांक टाकला तेव्हा मी जे आलं ते दाखवलं. माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. मोकळ्या जागेवर विनापरवाना पहिला मजला आढळला. सदर मजला, त्यास आधार देणाऱ्या सर्व बांधकामासह, हटवण्यात यावा.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग खिडकीकडे वळून विचारलं, "साहेब, आधार देणारं म्हणजे?"

बघूसाहेबांनी समोरचे कागद सरळ केले. तो 'बघू'सुद्धा म्हणाला नाही.

पुढे घड्याळजी वरच्या साहेबांपर्यंत गेले. तिथे सगळ्यांनी ऐकून घेतलं, चूक झालीय खरी असंही मान्य केलं. पण चूक दुरुस्त करणारा विभाग वेगळा आणि पाडणारा वेगळा, आणि पाडणाऱ्यांचं काम नेहमी वेळेवर असतं. पाडायच्या दिवशी काय झालं ते मी पाहिलेलं नाही, मी जागचा कधी हललो नाही. घड्याळजींनीच ते नंतर बघूसाहेबांना सांगितलं. पाडायच्या यंत्राची घरघर दारात आली तेव्हा ताई एवढंच म्हणाली, "थांबा, खिडक्या लावून घेते. धूळ येईल."

मित्रांनो, आता गंमत ऐका. काहीही पाडलं की काय पाडलं याची नोंद करावीच लागते, असा नियम आहे. तो फार काटेकोर नियम आहे. पाडणाऱ्या विभागानं त्या घराचं मोजून मापून वर्णन लिहिलं. दार कुठे, चूल कुठे, खिडकी किती रुंद, कोनाडा किती खोल. आणि मजले? तळमजला धरून. ते सगळं रीतसर माझ्या पडद्यावर आलं. उभं असताना ज्याला शून्य मिळालं, त्या घराचं पडल्यावर अख्खं पान भरलं. आता कुणीही क्रमांक टाका, घर सापडतं. समोर फक्त 'हटवले' एवढा शब्द आहे.

त्या दोघांना राहायला एका उंच इमारतीत वरच्या मजल्यावर जागा मिळाली. तिथे ताईचे गुडघे सारखे कशा ना कशावर आपटतात. तिथे ती चहा करत नाही. खुर्चीत बसून राहते, आणि उठायचं झालं की भावाला हाक मारते. आपलं आंधळेपण तिला या वयात, त्या जागेत नव्यानं कळलं.

एके दिवशी घड्याळजी तिला धरून इथे घेऊन आले. माझ्यापुढे बसवलं, क्रमांक टाकला आणि हळू आवाजात वाचू लागले. दार. उजवीकडे खुंटी. पुढे बाहेरची खोली. ताईनं हात पुढे केला. माझ्या टेबलाची कड तिच्या बोटांना लागली, तिथून तो हात हवेत सरकत गेला. खुंटीशी थांबला. ओट्यापाशी वळला. ती मधेच म्हणाली, "अरे, पाटाच्या मागची फळी राहिली त्यांची." घड्याळजींनी पडदा नीट पाहिला. फळी राहिली होती खरी. "हो ताई," ते म्हणाले, "पण आहे ती तिथेच." मग ते पुन्हा वाचू लागले आणि ती पुन्हा आत गेली.

आता ती दोघं बऱ्याचदा येतात. वाचून झालं तरी ताई लगेच उठत नाही. घरात थोडा वेळ बसते. अडचण अशी आहे की माझं पान कुणी काही केलं नाही तर आपोआप मिटतं, आणि घड्याळजींना अलीकडे बसल्या बसल्या डुलकी लागते. पान मिटलं की माझ्या पंख्याचा आवाज बदलतो आणि ताई दचकून विचारते, "धाकट्या, दिवे गेले का रे?" इतके दिवस बघूसाहेब खिडकीतून उठून यायचा, माझा माऊस जरासा सरकवायचा आणि परत जाऊन बसायचा. तो आता निवृत्त झालाय. खिडकी बंद आहे.

तर मित्रांनो, जाता जाता तुम्हांला काही उपदेश करणं माझं कर्तव्य आहे. जुन्या यंत्रांना जपा, जुन्या माणसांना जपा, जे उभं आहे त्याची नोंद ते उभं असतानाच करा, वगैरे बरंच काही मला सांगायचं होतं. पण मलाही लवकरच मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात जायचं आहे, आणि उपदेशानं कुणाचं घर परत आल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा ते राहू द्या. तुम्ही बोळाच्या टोकाकडे जाताना इथून जालच. माझ्यापुढे एक म्हातारा पेंगत असेल आणि शेजारी एक म्हातारी हात पुढे करून बसलेली असेल. तेवढा माऊस जरा हलवून जा.