इस्त्रीखात्यातली बैठक

कपड्यांच्या त्या कारखान्यात इस्त्रीखात्यातल्या बायकांनी दिवसभर उभंच राहायचं, असा नियम होता. बसलं की हात सैल पडतो, असं मालकांचं ठाम मत. हे मत ते खुर्चीत रेलून मांडत.

एका सकाळी तोफ खाली बसली. तोफ म्हणजे खात्यातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. नव्या चपलेनं टाच सोलवटली होती, बस्स, एवढंच कारण.

"ऊठ!" मुकादम खेकसला.

"नाही उठत, जा!"

शेजारणीला वाटलं, काहीतरी ठरलंय आणि आपल्यालाच कळवलं नाही. तीही बसली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खं खातं फरशीवर, इस्त्र्या थंडगार.

बातमी कळताच तोफेचा दीर धावत आला. जाडजूड पुस्तकं वाचून त्यानं डोळ्यांची पार वाट लावून घेतली होती. इतकी वर्षं ज्या क्रांतीची तो वाट पाहत होता, ती वहिनीनं त्याला न विचारता सुरू केली, याचा त्याला आनंद झाला आणि थोडा रागही आला.

"वहिनी, हा ऐतिहासिक क्षण आहे!"

"भावोजी, आधी मलम आणा."

मलम राहिलं बाजूला. त्यानं फाटकावर भाषण ठोकलं. "बसणं हा माणसाचा हक्क आहे! सगळ्या बसतील, नाहीतर इस्त्री तापणार नाही!" बायका खो-खो हसल्या. पण संध्याकाळपर्यंत त्याच वाक्याला चाल लागली होती.

दुसऱ्या दिवशी मालकांनी तोफेला आत बोलावून गादीची खुर्ची पुढे सरकवली. "ही तुझी. बाकीच्यांना कामाला लाव."

खुर्ची मऊ होती. तोफ 'बरं' म्हणणारच होती. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "सगळ्या बसतील, नाहीतर इस्त्री तापणार नाही!"

तिची तीच दचकली. भावोजींचं हे येडपट वाक्य आपल्या पोटात कधी शिरलं, तिला कळेना. आणि बोलून झाल्यावर ते खरंच वाटायला लागलं, ही आणखी पंचाईत.

आठवड्याभरात सगळ्यांना स्टुलं मिळाली. मग पॅकिंगखात्यातल्या बायकांनी तोफेला भाषणाला बोलावलं. ती गेली, दणकून बोलली.

परतताना दीर कुरकुरला, "वहिनी, मी लिहून दिलेल्या भाषणातला दुसरा मुद्दा गाळलात."

"तो मलाच कळत नाही, भावोजी. त्यांची डोकी कशाला फिरवू?"

दीर घरापर्यंत तिला दुसरा मुद्दा समजावत राहिला. पॅकिंगखात्यातल्या बायकांनीही काम बंद पाडल्याची बातमी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रातून कळली.