बाळाआधी आलेली शाल

मी एक शाल आहे. लोकरीची, पिवळी, इवलीशी. ज्याच्यासाठी माझा जन्म झाला ते माणूस अजून जगात आलेलं नाही, म्हणून माझं सगळं आयुष्य पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत गेलं. आणि मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते.

मला डिकेलेडीने विणलं. ती आणि मामेलो, दोघी बायका, रीतसर लग्न करून दक्षिण आफ्रिकेत, ब्लूमफाँटेन शहराच्या कडेला संसार करतात. मूल व्हावं म्हणून मामेलोवर उपचार सुरू झाले. इंजेक्शनं तिच्या पोटात, तपासण्या तिच्या, मळमळ तिची. डिकेलेडी सोबत जायची, तर नर्स विचारायची, "तुम्ही बहीण का?" "बायको," असं सांगून ती पुन्हा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची. रिकाम्या हातांना काही काम हवं, म्हणून तिने लोकर आणली.

पण आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याचा कपडा करत नाहीत. मामेलोची आत्या येता-जाता बजावायची, "रिकामा कपडा करणी करणाऱ्याला घराचा पत्ता सांगतो, पोरींनो. आणि तुमच्या दारावर तर आधीच सगळ्यांचे डोळे." पेटीत मला कापरं भरायचं. पहिल्या खेपेला दिवस राहिले नाहीत, तेव्हा वाटलं, माझ्यामुळेच. दुसऱ्या खेपेला तर खात्रीच पटली. मामेलो बोलेनाशी झाली. डिकेलेडी तिच्यासमोर हसायची आणि मग पेटी उघडून माझ्यात तोंड खुपसून रडायची.

आज तिसऱ्या खेपेचा निकाल. सकाळी रक्त दिलंय, दुपारी दवाखान्याचा फोन यायचाय. थंडी मरणाची. मामेलो जाड पायमोजे शोधायला पेटीत वाकली आणि तिच्या हाती मी लागले.

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून," डिकेलेडी दारातून म्हणाली.

"आत्याचं ऐकूनसुद्धा? म्हणजे मी सुया टोचून घेत होते आणि तू घरात अपशकुन विणत होतीस."

"तुला सुया तरी टोचतात, बाई. माझ्या वाट्याला काय? जमलं नाही की लोक तुला जवळ घेतात. मला विचारतात, ती कशी आहे."

मामेलोने धाग्याचं टोक शोधून ओढलं आणि मी भराभर उसवू लागले. संपलं सगळं, असं वाटलं मला. डिकेलेडीने तिचा हात धरला नाही. ती शेजारी येऊन बसली आणि सुटलेली लोकर गुंडाळू लागली.

मी अर्धी उसवल्यावर मामेलो म्हणाली, "आजही नाही झालं तर तू मला सोडून जाशील. खरी भीती मला त्याची आहे."

"जाऊ कुठे? तुझी आत्या ठेवून घेईल मला?"

मामेलोला आधी हसू आलं, मग रडू. डिकेलेडीलाही आलं, आणि या वेळी तिने ते पेटीत नेलं नाही.

फोन अजून वाजलेला नाही. मी वीतभर उरले आहे. भीती कोणाचीच गेलेली नाही, माझी तर मुळीच नाही. पण या दोघी अशा गुडघ्याला गुडघा लावून बसल्याला कित्येक महिने झाले होते. म्हणून एवढंच विनवते, पोरींनो: उसवा मला, खुशाल उसवा. फक्त जरा सावकाश.