चंपाबाईचं गाणं आणि चहाचा खोका

मित्रांनो, मी चहाचा एक जुना खोका आहे. अंग प्लायवूडचं, कडांना पत्र्याच्या पट्ट्या. आसामातून चहा घेऊन महाडच्या बाजारात आलो, रिकामा झालो आणि कापडे गावच्या बायजाबाईंच्या घरी गेलो. तिथे आधी तांदूळ सांभाळले, मग कोंबड्या. कोंबड्यांनी माझं कधी कौतुक केलं नाही, पण अंडी मात्र नेमाने घातली.

एक दिवस बायजाबाईंची भाची पूनम तिच्या कॉलेजातल्या गंधारला घेऊन आली. गंधारने मला पालथा घातला, पाठीला भोक पाडून दोरी ओवली आणि तिचं दुसरं टोक झाडूच्या दांड्याला बांधलं. दांडा माझ्या कडेवर टेकवून त्याने दोरी ताणली, छेडली. माझ्या पोटातून ‘धुम्म’ असा आवाज निघाला! इतकी वर्षं हा होता कुठे?

“सत्तर वर्षांपूर्वी इंग्लंडच्या पोरांनी असंच केलं,” गंधार सांगू लागला. “वाद्यं घ्यायला पैसे नव्हते. मग चहाचा खोका, कपडे घासायची फळी आणि एखादी गिटार. त्याला स्किफल म्हणतात. गाणी मात्र अमेरिकेतली. काळ्या मजुरांचं ब्लूज, तिथली लोकगीतं. त्यातूनच पुढे इंग्लंडचे मोठमोठे पॉप बँड निघाले.”

म्हणजे माझे भाऊबंद विलायतेत गाजले होते! मी कान टवकारले.

गंधारला गॅदरिंगसाठी बायजाबाईंचं भातलावणीचं गाणं हवं होतं. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची, असं ते गाणं.

“ज्यांची गानी व्हती, त्यांची नावं घेतली का रे त्या पोरांनी?” बायजाबाईंनी विचारलं.

गंधार घुटमळला. “काहींची घेतली. पुष्कळांची राहिली.”

“मंग मी नाय देत. ह्ये गानं चंपाबाईचं हाय. माझ्या शेजारी वाकून भात लावायची ती. दरडीखाली गेली. तिचं घर नाय, फोटू नाय. येवढं गानंच ऱ्हायलंय.”

मला फार वाईट वाटलं. आत्ता कुठे कंठ फुटला होता!

“आत्ये, तू नाय दिलंस तर तुझ्यामागं कोन गानार गो?” पूनमने हळूच विचारलं.

बायजाबाईंनी माझ्या पत्र्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “आदी तिचं नाव. मंग गानं.”

गॅदरिंगला गंधारने तसंच सांगितलं, “हे गाणं चंपाबाईंचं. बायजाबाईंनी जपलं, म्हणून आमच्यापर्यंत आलं.” पूनमने माझी दोरी छेडत पहिली ओळ टाकली. पुढच्या रांगेतून ती झेलली बायजाबाईंनी, डोळ्यांना पदर लावून. मग सगळ्या पोरींनी.

मित्रांनो, जुना खोका चुलीत घालण्याआधी त्याच्या पाठीवर एक थाप मारून पाहा. आणि गाणं कुणाचंही खुशाल घ्या, फक्त त्याच्या माणसाला मागे सोडून येऊ नका.

त्या दिवशी गर्दी पांगताना एक मुलगी तेच गाणं गुणगुणत चालली होती.

“कुणाचं गं हे?” मैत्रिणीने विचारलं.

“चंपाबाईचं,” ती म्हणाली.