हात खाली

बिट्टीने कानांवर हात ठेवले की उपचार केंद्रातल्या मॅडम म्हणायच्या, "हात खाली." हात खाली आले की शाबासकी आणि साबणाचे फुगे. नाही आले, तर मॅडमच ते हळूच खाली आणून मांडीवर ठेवायच्या. काचेपलीकडे बसलेली आई हे बघायची आणि मनातल्या मनात मॅडमना दुवा द्यायची. चार वर्षांची पोर, अजून बोलत नाही, बाहेर पडलं की दोन्ही हात कानांवर. बसमध्ये, दुकानात लोक वळून वळून बघायचे. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या सवयी लहानपणीच मोडल्या तर ती मार्गी लागतात, असं जो तो सांगत होता. आपलं मूल मार्गी लागावं असं कोणत्या आईला वाटत नाही?

आणि फरक पडला. हात कानांवर जाईनासे झाले. पोरगी सुधारली, असं नातेवाईक म्हणू लागले. मॅडम इतर पालकांना बिट्टीचं उदाहरण देऊ लागल्या. तोंड वाकडं होतं ते एकट्या मावशीचं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. नकाशे काढायची नोकरी करायची आणि स्वतःही स्वमग्न होती, फक्त हे तिला चाळिशीत कळलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की आवाजाचा त्रास होतो म्हणून पोर कान झाकते. तुम्ही त्रास तसाच ठेवलात आणि हात तेवढे काढलेत. त्यावर आईचं उत्तर ठरलेलं. "ताई, तुझं वेगळं आहे. तू बोलतेस, नोकरी करतेस." मावशी मग बिट्टीशेजारी जाऊन बसायची. तिला हे ऐकायची सवय होती.

एका आठवड्यात बिट्टी जेवेना. केंद्रात मात्र मांडीवर हात ठेवून शहाण्यासारखी बसली. आईने काळजी बोलून दाखवली, तर मॅडम म्हणाल्या, कामाचा कंटाळा असेल, लक्ष देऊ नका. आईने लक्ष दिलं नाही. पुढे एका सकाळी पोरीच्या उशीवर पू आणि रक्ताचा डाग दिसला, तेव्हा ती तिला उचलून डॉक्टरांकडे धावली.

कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी विचारलं, "इतकं दुखत असताना मूल कानाला हात लावतंच. तुमच्या लक्षात नाही आलं?"

डॉक्टरांनी कान पुन्हा तपासायला घेतला. कळ आली तसे बिट्टीचे हात वर उठले, अर्ध्यावर थांबले आणि परत मांडीवर गेले. मग डोळ्यांत पाणी असतानाच तिने आईकडे बघितलं. शाबासकीसाठी!

हेच का ते मार्गी लागणं? आईला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. ती तशीच मावशीला घेऊन केंद्रात गेली आणि सगळं सांगितलं. मॅडम वाईट नव्हत्या, त्यांचा चेहरा उतरला. तरी त्या म्हणाल्या की ही पद्धत तज्ज्ञांनी ठरवलेली आहे.

"त्या तज्ज्ञांत माझ्यासारखं कोणी होतं का हो?" मावशीने विचारलं. "शाळेत मलाही हाताची घडी घालून बसवायचे. बाहेरून मी गुणी दिसायचे. आत घंटेचा आवाज डोक्यात घुसायचा आणि सगळी ताकद हात न हलवण्यात जायची. बाई काय शिकवतात ते डोक्यावरून जायचं. या पोरीला शब्द येत नाहीत. हात हेच तिचं बोलणं होतं. तुम्ही तिला बोलायला शिकवायला घेतलंत आणि आधी तेच बंद केलंत."

"मग मी करायला काय हवं होतं?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

"आधी का ते शोधा. खोलीतला हा घरघरणारा पंखा बंद करा. दुखतंय हे दाखवायला शिकवा, नको म्हणायला शिकवा. आणि आमच्यासारख्यांना बोलवा. पाहुणे म्हणून फुलं घ्यायला नव्हे, काय शिकवायचं ते ठरवायला."

आईने तिथेच बहिणीचा हात धरला. "ताई, तुझं वेगळं नव्हतं गं. मलाच ऐकायचं नव्हतं."

कान बरा झाल्यावर बिट्टी पुन्हा केंद्रात गेली, तेव्हा पंखा बंद होता आणि मावशी काचेच्या आत बसली होती. मॅडमनी सवयीने फुग्यांची बाटली पुढे केली. बिट्टीने ती ढकलून दिली. पूर्वी याला हट्ट म्हटलं असतं. मॅडमनी बाटली खाली ठेवली आणि विचारलं, "नको?" बिट्टीने मान हलवली.

"बरं, नको तर नको," मॅडम म्हणाल्या, आणि आईला रडू आवरेना.

लोकहो, मूल निमूट बसलं की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, पण ती सुटका आपली असते, मुलाची नाही. ज्यांनी हे बालपण स्वतः भोगलं, ती माणसं आपल्या घरात, शेजारात आहेत. त्यांना न विचारता त्यांच्यासारख्या मुलांना घडवायला बसणं हा उपचार नाही, अन्याय आहे. आणि तो आपण लाडाकोडाने करतो आहोत.